फुगवणीच्या बाटलीआधी सेटिंगनंतरचं पाणी सांभाळा

कोरडे, गरम वारे सुटलेत आणि फळं नुकती धरलीत, म्हणजे सेटिंग झालंय. बाकीची कामं दोन दिवस मागे-पुढे झाली तरी चालतील, पाणी आजच बघा.

फळ आधी पेशी वाढवतं, मग फुगतं. सेटिंगनंतर एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं विभाजन जोरात चालतं. टोमॅटोत हा काळ फूल उमलल्यापासून जेमतेम दोन आठवडे, सफरचंदात साधारण चार ते सहा आठवडे. पुढे संख्या फारशी वाढत नाही, आहेत त्याच पेशी पाणी आणि साखर भरून मोठ्या होतात. विभाजनाच्या दिवसांत झाड सुकलं की पेशी कमी पडतात, आणि ती तूट नंतर कुठलंच टॉनिक भरून काढत नाही. तरी दर हंगामात तेच बघतो: 'फळ अजून मण्याएवढंय, पाणी कशाला' म्हणून पाणी तोडतात आणि महिन्याभराने 'साइज'च्या बाटल्या आणतात. पेशींचं विभाजन घडवणारं संप्रेरक, सायटोकायनिन, झाडाची मुळं स्वतः बनवतात. आधी मुळं ओली आणि जिवंत ठेवा.

ताण बसलाच असेल तर एकदम पाट सोडू नका. आतल्या पेशी झपाट्याने फुगतात, ताठरलेली साल तेवढी ताणली जात नाही आणि फळ तडकतं. थोडं-थोडं, वरचेवर पाणी देऊन वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडं अशी ओल, टिकवा. दुपारी पानं मलूल दिसली तर घाबरू नका, पण सकाळीही तशीच असतील तर उशीर झालाय. माझा अंदाज असा की शेंड्याची नवी पानं लहान पडू लागली म्हणजे फळातलं विभाजनही मंदावलेलं असतं.

नव्या पेशीच्या भिंतीला कॅल्शियम लागतं आणि ते पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं. म्हणून जमिनीत भरपूर असूनही पाणी तुटलं की टोमॅटोचं बूड काळं पडतं. फवारायचंच तर कॅल्शियम नायट्रेट 5 ग्रॅम प्रति लिटर, ऊन उतरल्यावर. सल्फेट किंवा फॉस्फेट खतांत मिसळू नका, साका बसतो. बोरिक ॲसिड 1 ग्रॅम प्रति लिटर, एकदाच. जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात.

बाकी कामं:
- विरळणी, फळं लहान असतानाच
- तणनियंत्रण
- बुंध्याभोवती आच्छादन
- रोगट फळं वेचणे

ठिबक असेल तर आज संध्याकाळी शेवटच्या ओळीतले ड्रिपर तपासा. फिल्टर तुंबला की ओळीच्या टोकाची झाडं सगळ्यात आधी सुकतात.