सममिती इलेक्ट्रॉनांनी मोडली की खिडकीनं? या चुका टाळा

साताऱ्यातून एमएस्सी करून मोठ्या प्रयोगशाळेत प्रकल्पाला गेलेल्या मुलांच्या हाती कधीकधी लोह सेलेनाइडचा स्फटिक पडतो. साधारण ९० केल्विनखाली त्यातल्या इलेक्ट्रॉनांना दोन काटकोनी दिशा सारख्या राहत नाहीत, म्हणजेच सममिती मोडते. अतिवाहकता (विद्युतरोध शून्य होणं) येते ती थेट ९ केल्विनच्या आसपास. दिशांमधला हा फरक ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत डोलणाऱ्या, प्रकाशाच्या परावर्तनात दिसतो. पण त्याआधी भलतंच काहीतरी दिसतं.

पहिला संशय क्रायोस्टॅटच्या, म्हणजे नमुना निर्वातात थंड ठेवणाऱ्या भांड्याच्या, खिडकीवर घ्या. निर्वातामुळे काचेवर ताण येतो आणि ताणलेली काच स्वतःच ध्रुवीकरण बदलते. पटत नसेल तर साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून एक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आणा, दोन आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये (प्रकाश एकाच दिशेत डोलता ठेवणाऱ्या गाळण्यांमध्ये) धरा आणि कडेला बोटानं दाबा. रंग सरकताना दिसतील. म्हणून आधी ११० केल्विनला, म्हणजे दिशा अजून सारख्या असताना, मोजा. तिथेही जो फरक दिसतो तो खिडकीचा, तो वजा करा.

प्रकाशाच्या वाटेत ठेवलेली हाफ-वेव्ह प्लेट ही स्फटिकाची चकती स्वतः जितकी फिरते त्याच्या दुप्पट कोनातून ध्रुवीकरण फिरवते, त्यामुळे खरा संकेत प्लेटच्या दर ९० अंशांनी परत यायला हवा. ३६० अंशांनी येत असेल, तर प्लेट फिरताना किरण हलतोय.

काहीच दिसलं नाही म्हणून सममिती शाबूत आहे, असं लगेच लिहू नका. स्फटिकात एकमेकांना काटकोनात असलेली क्षेत्रं तयार होतात; लेझरचा ठिपका त्यांच्यापेक्षा मोठा असला की बेरीज शून्य. मग मुलं स्फटिक एका बाजूनं दाबतात. क्षेत्रं एका दिशेला येतात खरी, पण दाबानं सममिती आधीच मोडलेली असते! त्यापेक्षा ठिपका लहान करा. नमुनाही पूर्ण तळाला गोंद लावून चिकटवू नका, थंड होताना गोंद त्याला ओढतो. एका कोपऱ्यात ग्रीसचा थेंब पुरतो.

लेझरची शक्ती निम्मी करून पुन्हा मोजा. संक्रमणाचं, म्हणजे सममिती मोडण्याचं, तापमान सरकलं तर ठिपका तापतोय. थर्मामीटर तांब्यावर बसलेला असतो, त्याला याचा पत्ता नसतो.

कर (Kerr) परिणामाच्या, म्हणजे चुंबकीय पदार्थावरून परावर्तित होताना ध्रुवीकरण किंचित वळण्याच्या, वाटेला मात्र साध्या पोलरायझरच्या जोडीनं जाऊ नये. स्ट्रॉन्शियम रुथेनेट या अतिवाहकात २००६ साली १.५ केल्विनखाली सापडलेलं वळण अवघं ६५ नॅनोरेडियनच्या घरातलं होतं. त्यासाठी एकाच वाटेनं उलटसुलट जाणाऱ्या दोन किरणांची तुलना करणारा सॅन्याक इंटरफेरोमीटर वापरला, कारण काचेच्या ताणासारखे परिणाम त्यात एकमेकांना खोडतात. तरीही नमुना एकदा सुलट, एकदा उलट चुंबकीय क्षेत्रात थंड करा, क्षेत्र काढून मोजा आणि चिन्ह उलटतंय का ते बघा.