छोट्या मिक्सरवर घरच्या घरी मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग कसं करावं

मिक्सरचं काम आवाज एकत्र करायचं. मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगला मात्र तेच आवाज वेगवेगळे हवे असतात, प्रत्येक आपापल्या ट्रॅकवर. घरी छोटा मिक्सर घेऊन बसलेल्या माणसाच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. म्हणून माइक जोडण्याआधी एक गोष्ट शोधा: तुमच्या मिक्सरमधून आवाज बाहेर पडायला वाटा किती आहेत? आत किती माइक जातात, ते नंतर बघू.

आधी वाटा मोजा

खोक्यावर '८ चॅनल' लिहिलेलं असतं आणि मागे यूएसबीही असते. त्यावरून आठ ट्रॅक वेगळे मिळतील असं कुणालाही वाटेल. पण कित्येक छोट्या मिक्सरची यूएसबी फक्त मुख्य मिक्स पाठवते, म्हणजे डावा आणि उजवा असे दोनच आवाज. सगळे माइक त्या दोहोंत मिसळून जातात. मग गिटार जरा कमी करून गळा वर आणावा म्हटलं, तरी ते हातात राहत नाही.

संगणकावरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये नवा ट्रॅक उघडा आणि इनपुटची यादी पाहा. तिथे १ आणि २ एवढेच दिसले, तर एका वेळी दोनच स्वतंत्र ट्रॅक मिळणार. काही मिक्सर प्रत्येक चॅनल वेगळा पाठवतात. त्यांच्या यादीत तेवढे इनपुट दिसतात आणि तुमचं निम्मं काम तिथेच होतं.

दोन वाटा म्हणजे काही कमी नाही. १९७९ साली आलेल्या टीॲक कंपनीच्या पोर्टास्टुडिओ १४४ या रेकॉर्डरमध्ये साध्या कॅसेटवर चार ट्रॅक बसायचे, आणि घरोघरी लोकांनी त्यावर अख्खी गाणी उभी केली. एका थरावर दुसरा थर चढवत जायचा.

दोन आवाज वेगळे ठेवायचे असतील तर पॅन वापरा

समजा, गळा आणि गिटार एकदमच घ्यायचे आहेत. गळ्याचा माइक चॅनल १ ला लावा, गिटार २ ला. चॅनल १ चा पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे नेणारी खुंटी) पूर्ण डावीकडे फिरवा, २ चा पूर्ण उजवीकडे. सॉफ्टवेअरमध्ये एक स्टिरिओ ट्रॅक न घेता दोन मोनो (एकेरी) ट्रॅक घ्या. पहिल्याला इनपुट १, दुसऱ्याला इनपुट २. हेडफोनमध्ये गाणं एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात ऐकू येईल. ते विचित्र वाटलं तरी बरोबर आहे. कोण कुठे बसणार, हे शेवटी सॉफ्टवेअरमध्ये ठरवायचं.

आता खात्री करा. चॅनल २ चा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी, पूर्ण खाली ओढा आणि माइकमध्ये बोला. फक्त पहिल्या ट्रॅकचा मीटर हलला पाहिजे. दुसराही हलला, तर आधी मिक्सरमधला रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, बघा. त्या इफेक्टचा आवाज सहसा डाव्या-उजव्या दोन्हीकडे परत येतो आणि तुम्ही वेगळे केलेले ट्रॅक पुन्हा एक होतात. शिवाय एकदा रेकॉर्ड झालेला रिव्हर्ब काढता येत नाही. तो बंदच ठेवा. मिक्सरवरचा ईक्यूही (जाड-बारीक आवाजांच्या खुंट्या) मधोमध राहू दे. गळ्याला फक्त लो-कट चालू करा, म्हणजे साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालची घरघर आत येणार नाही.

जवळ जास्त इनपुटचा वेगळा ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी पेटी) असेल, तर आणखी वाटा काढता येतात. ऑक्स सेंडमधून, म्हणजे मुख्य मिक्सखेरीज असलेल्या जादा वाटेतून, एखादा आवाज स्वतंत्र बाहेर नेता येतो. तो फेडरच्या आधीचा, म्हणजे प्री-फेडर, असलेला बरा. चॅनलला इन्सर्टचं सॉकेट (बाहेरचं यंत्र मध्ये जोडण्याची जागा) असेल, तर साधी मोनो केबल त्यात पहिल्या 'टक्'पर्यंतच घाला. पूर्ण ढकललीत तर मिक्सरमधला पुढचा आवाज तुटतो. पहिल्या टक्‌वर थांबलात, तर आवाज मिक्सरमध्येही चालू राहतो आणि केबलमधूनही बाहेर पडतो. हात जरा हलका ठेवावा लागतो.

गेन आधी, फेडर नंतर

फेडर शून्याच्या खुणेवर ठेवा, गेनची, म्हणजे आत येणारा आवाज वाढवणारी, खुंटी पूर्ण खाली. आता गाण्यातली सगळ्यात चढी ओळ गायला सांगा आणि गेन हळूहळू वाढवा. सॉफ्टवेअरच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डीबीच्या आसपास आला की थांबा. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. लेव्हल कमी वाटते म्हणून खुंटी पुढे रेटायचा मोह होतो, पण सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवडून रेकॉर्ड करत असाल तर त्याची काही गरज नाही. सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजातला पट्टा १६ बिटला सुमारे ९६ डीबीचा मिळतो, २४ बिटला कागदावर १४४. वर जागा सोडली तरी खाली काही हरवत नाही. ती जागा लागतेच, कारण चाचणीत गातो त्यापेक्षा खऱ्या टेकला माणूस मोकळ्या गळ्याने गातो.

गेन जास्त आणि फेडर खाली, असं कधी करू नका. मीटर शांत दिसतो, पण आवाज आधीच फाटलेला असतो.

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरने केबलमधून पुरवलेली वीज, लागते. केबल आधी जोडा, फेडर आणि हेडफोन खाली करा, मगच बटण दाबा. बऱ्याच छोट्या मिक्सरमध्ये सगळ्या माइकना मिळून हे एकच बटण असतं, त्यामुळे जुना रिबन माइक लावलेला असेल तर आधी काढून ठेवा, या विजेने तो बिघडू शकतो. गिटार थेट लावायची तर हाय-झेड लिहिलेल्या इनपुटला; ते नसेल तर मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइक इनपुटला चालेल असा करणारी डबी) हवा. कीबोर्ड लाइन इनपुटला.

जुना ट्रॅक नव्यात शिरू देऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान मी इथे होताना पाहिलं आहे. एका गाण्यावर मी चार थर चढवले होते. मिक्स करायला बसलो आणि गळा वर केला, तर गिटारही वर आली. गळ्याचा ट्रॅक एकटा ऐकला तेव्हा त्यात मागे सगळी गिटार होती, किंचित उशिरा आलेली, त्यामुळे एकूण आवाज पोकळ झालेला. सगळं गायन पुन्हा करावं लागलं.

कारण होतं एक छोटं बटण. संगणकाकडून परत येणारा आवाज मिक्सरमध्ये दोन ठिकाणी पाठवता येतो: मुख्य मिक्समध्ये किंवा फक्त हेडफोनमध्ये. बटणावर 'टू मेन' आणि 'टू फोन्स' किंवा 'कंट्रोल रूम' असं काही लिहिलेलं असतं. ओव्हरडब करताना, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवताना, तो फक्त हेडफोनलाच गेला पाहिजे. मुख्य मिक्सकडे गेला, की यूएसबीतून फिरून नव्या ट्रॅकवर उमटतो.

दर वेळी सुरू करण्याआधी दहा सेकंद द्या. सगळे माइक म्यूट करा, जुने ट्रॅक वाजवा आणि नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. सरळ रेष आली पाहिजे. मिक्सरमध्ये तशी सोयच नसेल, तर हेडफोन संगणकाला लावा आणि एक कान उघडा ठेवून गा, म्हणजे स्वतःचा आवाज त्या कानाने ऐकू येईल.

स्वतःचा आवाज मिक्सरमधूनच थेट ऐका, आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या (आवाजाच्या नोंदींच्या) हिशेबाने १०२४ सॅम्पलचा बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तेवढा तुकडा, असेल तर एका दिशेलाच सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर. मिक्सरमधला थेट आवाज आणि सॉफ्टवेअरमधून उशिरा येणारा, दोन्ही चालू राहिले तर आपलाच आवाज दोनदा ऐकू येतो आणि लय सुटते. एकटा गळाच घ्यायचा असेल, तर पॅन मध्ये ठेवून फक्त इनपुट १ रेकॉर्ड करा, म्हणजे गाणाऱ्याला दोन्ही कानांत ऐकू येईल. हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या, नाहीतर क्लिकची (ताल दाखवणाऱ्या ठोक्यांची) टिकटिक माइकमध्ये उतरते.

उठण्याआधी मिक्सरचा वरून एक फोटो काढा. खुंट्या कुठे आहेत ते दिसलं पाहिजे. माइक तोंडापासून किती वितींवर होता, तेही लिहून ठेवा. दोन दिवसांनी एखादी ओळ पुन्हा गावी लागली, तर ती त्याच गाण्यातली वाटेल.