ट्रॅक्टर लोडरची जॉयस्टिक: केबलची असो की इलेक्ट्रिक, या चुका टाळा

कुर्ल्याच्या गाळ्यात माझ्या कपाटात एक इलेक्ट्रिक जॉयस्टिक पडून आहे. ठणठणीत आहे. बिघडली म्हणून ती मीच काढली होती, आणि नव्या जॉयस्टिकचे पैसे शेठकडे मागायची नंतर मलाच लाज वाटली.

ती ज्या लोडरवर (ट्रॅक्टरच्या पुढे लावलेल्या बकेटच्या हातांवर) होती, तो जुहूच्या वाळूत कचरा उचलायला जायचा. सकाळी नीट चालायचा, ऊन चढलं की बकेट वर नेताना मध्येच मान टाकायचा, आणि थोडा वेळ उभा ठेवला की पुन्हा चालू. मी ऑइलची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॉइलचा कनेक्टर काढला, मीटर लावला, १२.४ व्होल्ट दिसले. वायरिंग ठीक आहे असं ठासून सांगितलं. कॉइल बदलली, फरक नाही. मग जॉयस्टिक बदलली, तरी फरक नाही. तिसऱ्या दिवशी दोष सापडला तो चासीवरच्या अर्थिंगच्या बोल्टाखाली. बोल्ट रंगावरच आवळलेला, आणि खाऱ्या हवेने वायरच्या टोकाच्या लगमध्ये हिरवा गंज चढलेला.

मीटर खोटं बोलत नव्हता, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. कनेक्टर काढलेला असताना वायरमधून करंट वाहतच नाही, त्यामुळे वायर कितीही कुजलेली असली तरी व्होल्ट पूर्ण दिसतात. १२ व्होल्टची, ३० वॉटची कॉइल अडीच अँपिअर खेचते. अर्थिंगमध्ये फक्त एका ओहमचा अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. त्यात कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो. तापमान ५० अंशांनी चढलं तर साधारण २० टक्क्यांनी. म्हणजे सकाळी कसंबसं खेचणारी कॉइल दुपारी हरते. म्हणून व्होल्ट मोजायचे ते कॉइल जोडलेली असताना, कनेक्टरच्या मागून प्रोब घालून, जॉयस्टिक दाबून धरून. एवढी खटपट नको असेल तर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब कनेक्टरला लावा. लखलखीत पेटला तर वाट मोकळी, मिणमिणला तर वायर किंवा अर्थिंग. मात्र ही बल्बची युक्ती साध्या ऑन-ऑफ कॉइलपुरतीच. कंट्रोलरवाल्या (मध्ये इलेक्ट्रॉनिक डबा असलेल्या) जॉयस्टिकच्या ५ व्होल्टच्या सिग्नल वायरला बल्ब लावलात तर ती जॉयस्टिक खरंच कपाटात ठेवायच्या लायकीची होईल.

आधी रस्ता मधोमध तोडा

लोडर ऐकत नाही म्हटलं की सगळ्यांचा हात आधी जॉयस्टिककडे जातो, कारण डोळ्यांसमोर तीच असते. पण ती फक्त निरोप पाठवते. केबलवाल्यात निरोप पोलादी तारेने जातो, इलेक्ट्रिकमध्ये तांब्याच्या. दोन्हीकडे निरोप पोचतो तो व्हॉल्व्हच्या स्पूलला, म्हणजे आत सरकून ऑइलची वाट बदलणाऱ्या दांडीला. म्हणून तपासणी व्हॉल्व्हपाशी सुरू करायची.

इलेक्ट्रिक असेल तर बहुतेक सोलेनॉइड (कॉइलने चालणाऱ्या) व्हॉल्व्हला टोकाशी हाताने दाबायची पिन असते. इंजिन मंद ठेवून ती पेचकसाने दाबा. बकेट हलली तर पंप, ऑइल, स्पूल, जॅक सगळं ठीक. दोष विजेच्या बाजूला. नाही हलली तर वायरिंग उचकटत बसू नका. फक्त लक्षात ठेवा, पिन दाबली की बकेट हळू हलेलच असं नाही, म्हणून लोडरच्या बाह्यांखाली किंवा बाह्या आणि टायरच्या मध्ये उभं राहून हा प्रयोग करायचा नाही. कॉइलला वीज पोचते की नाही याची आणखी एक गावठी परीक्षा आहे. कोणीतरी जॉयस्टिक दाबून धरावी आणि तुम्ही कॉइलच्या नटाला पेचकस टेकवावा. चुंबकासारखा ओढला गेला तर कॉइल जिवंत आहे.

केबलवाला असेल तर बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा आणि व्हॉल्व्हच्या टोकाची केबलची पिन काढा. आता जॉयस्टिक हलवून बघा. जड असेल तर केबल किंवा जॉयस्टिकचा सांधा. ती हलकी असेल तर स्पूल हाताने ढकला. स्पूल अडकत असेल तर कितीही नवीन केबल घातली तरी उपयोग शून्य. स्पूल अडकायचं एक कारण तर मिस्त्रीच तयार करतो: वाकड्या ब्रॅकेटवर व्हॉल्व्ह ठेवून बोल्ट पूर्ण ताकदीने आवळतो. बॉडीला केसभर पीळ बसला तरी स्पूल धरतं. बोल्ट थोडे सैल करून बघायला पाच मिनिटं लागतात.

एक चूक जीवावर बेतणारी आहे. केबलवाल्या लोडरवर इंजिन बंद केल्यावर लिव्हर चारी बाजूंना हलवला की होजमधलं प्रेशर उतरतं, ही सवय जुन्या फिटरांच्या हातात भिनलेली असते. तीच सवय ते इलेक्ट्रिक लोडरवर वापरतात. चावी काढून घेतात, जॉयस्टिक चारदा हलवतात आणि होजचा नट सोडतात. चावी बंद असताना ती जॉयस्टिक म्हणजे नुसता खुंटा, प्रेशर आत तसंच असतं. इंजिन बंद, चावी ऑन, मग जॉयस्टिक हलवायची. बॅटरी मेली असेल तर व्हॉल्व्हच्या पिनेने. आणि होजची बारीक गळती कधीही बोटाने चाचपू नका. ती धार कातडीत घुसते. पुठ्ठा फिरवून बघा.

केबलवाल्याच्या चुका

पहिली, तेल घालणे. आजकालच्या पुश-पुल केबल आतून अस्तर असलेल्या आणि टोकाला सीलबंद असतात. टोकाचं रबर उचकटून तेल सोडलं की त्याच वाटेने पावसाचं पाणी शिरतं. जून-जुलैत पाणी, ऑक्टोबरच्या उन्हात गंज, आणि दिवाळीपर्यंत केबल दगड. जड झालेली केबल बदलायचीच असते. लांबी आणि टोकाचा आटा मोजून नेला तर नागदेवी स्ट्रीटला काहीतरी जमून जातं. न मोजता गेलात तर दोन फेऱ्या.

दुसरी, वळण. जास्तीची लांबी लपवायला केबल छोट्या वेटोळ्यात बांधतात, तीही सायलेन्सरच्या जवळ. केबलला मोठं, गोल वळण हवं, आणि जॉयस्टिकच्या तोंडाशी थोडी सरळ चाल हवी.

तिसरी चूक सगळ्यात जास्त नुकसान करते आणि सगळ्यात कमी पकडली जाते. जॉयस्टिक जरा कलती उभी राहते म्हणून केबलचा नट फिरवून ती सरळ करायची. जॉयस्टिक सरळ झाली, पण तिकडे स्पूल मध्यापासून सरकलं. मग बकेट हळूहळू चढते किंवा उतरते, इंजिन उगाच भारी लागतं, ऑइल तापतं. किंवा पुढच्या बाजूची चाल अपुरी पडते आणि फ्लोटची खाच, जिच्यात बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे मोकळी वरखाली होते, ती लागतच नाही. ऑपरेटर म्हणतो वाळू सारखी करता येत नाही, मालक म्हणतो ऑपरेटर कच्चा आहे. बरोबर क्रम असा: केबल सोडा, स्पूलला स्वतःच्या स्प्रिंगने मध्ये येऊ द्या, जॉयस्टिक सरळ धरा आणि केबलची लांबी त्या दोघांना जुळवा. शेवटी जाम नट (लांबी पक्की धरणारा) आवळा. तो राहिला तर आठवड्यात पुन्हा तेच.

इलेक्ट्रिकवाल्याचे घात

इथे वस्तू झिजून कमी आणि मारून जास्त मरते. बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरी न सोडणे हा पहिला घात. बॅटरीची तार काढा, शक्य असेल तर कंट्रोलरचा कनेक्टरही, आणि वेल्डिंगची अर्थिंग क्लँप बकेटलाच लावा, ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला नव्हे.

दुसरा घात नालेसफाईच्या दिवसांत हमखास. ३१ मेची मुदत डोक्यावर, ट्रॅक्टर सुरू होत नाही, बाजूला डंपर उभा. कोणीतरी जंपर आणतो. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा, डंपर २४ चा. कंट्रोलर जातो आणि वास येतो तेव्हा कळतं. कॉइलचंही तसंच. १२ आणि २४ व्होल्टची कॉइल दिसायला सारखी, फक्त शिक्का वेगळा. २४ ची कॉइल १२ वर लावली तर खेचत नाही, उलट केलं तर ३० वॉटच्या जागी १२० वॉट, आणि तासाभरात धूर. दुकानाच्या काउंटरवरच शिक्का वाचा.

कनेक्टर काढण्याआधी खुणा करा. चारही कॉइलचे कनेक्टर एकसारखे असतात. अदलाबदल झाली की ऑपरेटर बकेट भरायला जॉयस्टिक डावीकडे नेतो आणि माल खाली पडतो. प्रेशरने धुताना जॉयस्टिकच्या बुडाशी नळी धरायची नाही. जॉयस्टिकवरचा आयपी ६७ हा शिक्का म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल, जवळून मारलेली धार सोसेल असा त्याचा अर्थ नाही.

प्रपोर्शनल, म्हणजे जितकी सरकवाल तितकाच व्हॉल्व्ह उघडणाऱ्या जॉयस्टिकची तक्रार निराळी असते: थोडी सरकवली तर काहीच नाही, मग एकदम झटका. बहुतेक वेळा वस्तू ठीक असते, कंट्रोलरमधला किमान करंट चुकीचा बसवलेला असतो. सेटिंग थंड ऑइलवर सकाळी करू नका. लोडर अर्धा-पाऊण तास चालवा, मग करा.

घेतानाच झालेली चूक

‘इलेक्ट्रिक जॉयस्टिक आहे’ एवढं ऐकून पैसे देतात. दांड्याखाली नुसती चार बटणं असलेलीही इलेक्ट्रिकच आणि प्रपोर्शनलही इलेक्ट्रिकच. बटणवाल्यात व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो किंवा पूर्ण बंद, त्यामुळे बकेट उतरताना ट्रॅक्टर पुढून उडतो. ऑइलच्या वाटेत अडथळा घालून वेग कमी करता येतो, पण झटका तो झटकाच. शिवाय अशा बऱ्याच व्हॉल्व्हना फ्लोट नसतो. वाळू आणि डेब्रिज सारखं करायचं काम असेल तर फ्लोटशिवाय लोडर घेऊ नये, हे माझं पक्कं मत.

व्हॉल्व्हही ट्रॅक्टरच्या पंपाला जुळायला हवा. साध्या गिअर पंपाला ओपन सेंटर (स्पूल मध्यावर असताना ऑइल आरपार जाऊ देणारा) व्हॉल्व्ह लागतो. क्लोज्ड सेंटर (मध्यावर वाट बंद ठेवणारा) बसवला तर जॉयस्टिकला हात न लावताही पंप रिलीफवर, म्हणजे जादा प्रेशर सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर, ओरडत राहतो आणि ऑइल उकळतं. या व्हॉल्व्हनंतर ट्रॅक्टरची मागची लिफ्ट चालवायची असेल तर पॉवर बियाँडची (ऑइल पुढे पाठवणारी) स्लीव्ह लागते आणि टाकीची परतीची लाइन वेगळी. इथे बचत केली तर नुसता बिघाड होत नाही, व्हॉल्व्हची बॉडीही फुटते.

आणि ऑइल. बऱ्याच ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल गिअरबॉक्स आणि ऑइल ब्रेकच्याच पोटातलं. त्यातली झीज केबलवाला व्हॉल्व्ह निमूट पचवतो, कारण हाताची ताकद मागे असते. प्रपोर्शनल स्पूलला ढकलणारी ताकद कमी, त्याला कचरा सोसत नाही. फिल्टर बदलायचा कंटाळा असेल तर प्रपोर्शनल घेऊच नका.

उचललेली बकेट रात्रभरात खाली येते ती जॉयस्टिकमुळे येत नाही. स्पूलमधून थोडी गळती असतेच. गाडी बकेट टेकवूनच उभी करायची.

मला विचाराल तर चौपाटीवरच्या आणि नाल्यावरच्या लोडरला मी केबलची जॉयस्टिक देतो, माथ्यावर एका इलेक्ट्रिक बटणासह. बटण दाबून जॉयस्टिक हलवली की डायव्हर्टर व्हॉल्व्ह ऑइल पंजाकडे वळवतो आणि पंजा उघडतो. केबल तुटली तर दुपारपर्यंत गाडी पुन्हा कामाला लागते. कंट्रोलर गेला तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कितीही हुशार माणूस बसलेला असो, बरेचसे आतून रेझिनने भरलेले असतात, उघडणार कोण? कॅबिनमध्ये बसून दिवसभर गोदामात बारीक काम असेल तर मात्र प्रपोर्शनलच घ्या, मनगट वाचतं. बटणाची वायर दांड्याच्या बुडाशी रोज हजारदा वाकते, तिथे एक सैल फेरा सोडा आणि बॅटरीच्या बाजूला स्वतंत्र फ्यूज द्या. हॉर्नच्या वायरला जोडू नका, नाहीतर पंजा आवळला की हॉर्न बसतो.