कुटाराच्या गंजीभोवती वखर फिरवून ठेवा

एप्रिल-मे महिन्यात दुपारून आभाळ येतं, वावधन सुटतं, विजा कडाडतात अन् पाणी पडतं चार थेंब. अशा वेळी कुठल्याही धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, ठिणगी कुटाराच्या (जनावरांच्या सुक्या चाऱ्याच्या) गंजीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

१. गंजीभोवती वखराचे चार-पाच फेर मारून तीनेक मीटरचा पट्टा मोकळा करा. निघालेलं गवत, धसकटं वेचून पट्ट्याबाहेर टाका. वखरतात सगळेच, वेचत कोणी नाही. मग त्याच काडीकचऱ्यावरून आग आत येते.

२. जमलं तर एकीच्या दोन गंज्या करा. झाडाखाली किंवा विजेच्या तारेखाली नको.

३. फवारणीचा पंप पाण्यानं भरून जवळ ठेवा. तणनाशकाचा असेल तर आधी तीनदा धुवा, कुटार शेवटी बैलांच्याच पोटात जातं.

आभाळ असेल त्या दिवशी धुरा पेटवू नका, पावसाआधीचा वारा एकदम दिशा बदलतो.

वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. गंजी तशीच सोडून पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. जंगलात आग दिसली तर वनविभागाचा नंबर १९२६.