संगणक बदलल्यावर ऑडिओ इंटरफेस चालेना? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि त्याच्या आगेमागे नाशिकमध्ये घरच्या घरी भजने, कीर्तने किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करणाऱ्या माझ्या परिचयातील बऱ्याच जणांनी संगणक बदलले. त्यानंतर मला आलेले बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होत असत : "सर, इंटरफेस गेला वाटतं." इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारे आणि तिथला आवाज हेडफोन-स्पीकरला देणारे छोटे उपकरण. प्रत्यक्षात बिघडलेला इंटरफेस त्यांत क्वचितच निघाला. संगणक बदलतो तेव्हा पोर्ट, केबल, ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर (उपकरण आणि संगणक यांचा संवाद घडवणारा प्रोग्राम), परवानग्या आणि रेकॉर्डिंग प्रोग्रामच्या सेटिंग्ज असे सगळे एकाच दिवशी बदलते. संशय मात्र नेमका त्या वस्तूवर घेतला जातो, जिच्यात काहीही बदललेले नसते.

म्हणून नवा संगणक आला त्याच दिवशी जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. तो निदान पंधरा दिवस घरात ठेवावा. इंटरफेस त्याच केबलने जुन्या संगणकाला जोडल्यावर नीट चालला, तर दोष त्याचाही नाही आणि केबलचाही नाही, हे पाच मिनिटांत कळते. पुढची तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलून आवाज आला तरी नेमके काय दुरुस्त झाले ते समजत नाही आणि तीच अडचण आठवड्याने पुन्हा उभी राहते.

नव्या लॅपटॉपला पोर्ट कमी असतात, म्हणून एका पोर्टचे अनेक करणारा एक स्वस्त हब आणला जातो आणि माऊस, पेन ड्राइव्ह व इंटरफेस असे सगळे त्यालाच लावले जाते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट वीज देण्याची तरतूद आहे. स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर नसलेल्या इंटरफेसला एवढ्यातच स्वतः चालायचे असते, हेडफोनला आवाज द्यायचा असतो आणि कंडेन्सर माइकला चालायला लागणारी, माइकच्या केबलमधूनच जाणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही तयार करायची असते. पंचवटीतील एका भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगला मी हे समोर बसून पाहिले. ४८ व्होल्टचे बटण दाबले की इंटरफेसचे दिवे क्षणभर मंदावत, संगणक उपकरण निघाल्याचा आवाज करी आणि दोन सेकंदांनी पुन्हा जोडल्याचा. हब काढून केबल थेट लॅपटॉपला लावल्यावर तेच बटण दाबूनही दिवे स्थिर राहिले. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट टाळून मागचे, थेट मदरबोर्डवरचे पोर्ट वापरावेत. टाइप-सी केबलच्या बाबतीत आणखी एक फसगत होते : काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून वीज जाते पण डेटा जात नाही, त्यामुळे इंटरफेसचा दिवा लागतो आणि संगणकाला मात्र तो दिसतच नाही.

ड्रायव्हरच्या बाबतीत घाई फार नडते. इंटरफेस आधी जोडायचा, विंडोज जे आपोआप बसवेल ते स्वीकारायचे आणि मग लेटन्सी, म्हणजे गायल्यापासून ते ऐकू येईपर्यंतचा उशीर, जास्त का येते म्हणून हैराण व्हायचे, असा क्रम मी अनेकदा पाहतो. यूएसबी ऑडिओ क्लास २ या ऑडिओ उपकरणांच्या सामाईक मानकाचा सामान्य ड्रायव्हर २०१७ पासून विंडोजमध्ये अंगभूत आहे, त्यामुळे अनेक इंटरफेस काहीही न बसवता वाजू लागतात. पण गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये वेळेवर ऐकायचा तर उत्पादकाचा एएसआयओ, म्हणजे कमी उशिरात आवाज नेणारा ड्रायव्हरच हवा, आणि तो उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून, आपले मॉडेल व त्याची आवृत्ती पाहून घ्यावा. एएसआयओ फॉर ऑल हा मोफत मिळणारा प्रोग्राम विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला एक थर आहे. उत्पादकाचा ड्रायव्हर उपलब्ध असताना त्याच्यावर विसंबू नये.

जुन्या इंटरफेसचा ड्रायव्हर नव्या यंत्रावर मुळातच चालणार नाही, अशीही शक्यता असते. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच येते, म्हणून ३२ बिटचा ड्रायव्हर तिथे बसत नाही. विंडोजच्या सुरक्षा सेटिंग्जमधील कोअर आयसोलेशन या सदरातली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा सुरू असेल, तर काही जुने ड्रायव्हर रोखले जातात. ती बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ज्या संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करतो त्याचे संरक्षण एका जुन्या ड्रायव्हरसाठी काढून टाकणे मला पटत नाही, त्याऐवजी आधी नवी आवृत्ती शोधावी. एआरएम, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरचा विंडोज लॅपटॉप घेण्यापूर्वी तर त्या प्रोसेसरसाठीचा ड्रायव्हर आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सगळे बसवूनही इंटरफेसवरचा हिरवा दिवा आवाजाबरोबर लुकलुकतो आणि प्रोग्राममध्ये मात्र सरळ रेष उमटते, तेव्हा परवानगी तपासावी. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये मायक्रोफोन या सदराखाली डेस्कटॉप अ‍ॅप्सना परवानगी देणारा वेगळा पर्याय असतो. मॅकवर २०१८ च्या मोहावीपासून प्रत्येक प्रोग्रामला तशी परवानगी द्यावी लागते.

गाणाऱ्यांना सर्वाधिक गोंधळात टाकणारा दोष सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्या आकड्याचा आहे. जुना प्रोजेक्ट ४४,१०० हर्ट्झचा असतो, नव्या संगणकावर इंटरफेस ४८,००० वर लावलेला असतो, आणि प्रोग्रामने स्वतःहून रूपांतर केले नाही तर गाणे सुमारे ९ टक्के जलद वाजते व त्याचा सूर जवळपास दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठेतरी ऐकू येतो, पेटीवर कोणत्याच पट्टीला तो जुळत नाही आणि गायक बिचारा स्वतःच्या गळ्याला दोष देतो. इंटरफेसचे कंट्रोल पॅनेल, विंडोजच्या साउंड सेटिंग्ज आणि प्रोजेक्ट या तिन्ही ठिकाणी एकच आकडा आहे ना, हे रेकॉर्डिंगपूर्वी पाहावे.

संगणक वेगवान आहे म्हणून बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायच्या सॅम्पलची संख्या) अगदी ३२ किंवा ६४ वर नेणे आणि तडतड ऐकू आली की इंटरफेसला नावे ठेवणे, हेही नेहमीचेच आहे. ४८,००० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे केवळ २.७ मिलिसेकंद, रेकॉर्डिंगला तेवढा पुरतो आणि मिक्सिंगच्या वेळी तो खुशाल १०२४ करावा. त्यानंतरही तडतड राहिली तर पॉवर प्लॅनमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड ही वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवणारी सोय बंद करावी, चार्जर लावून हाय परफॉर्मन्सवर काम करावे आणि लेटन्सीमॉन हा मोफत प्रोग्राम दहा मिनिटे चालवून कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते पाहावे. अनेकदा तो वाय-फायचा निघतो आणि रेकॉर्डिंगपुरते वाय-फाय बंद ठेवल्याने काम भागते.

राहिला घूं असा सततचा आवाज. जुन्या नाशिकमधील एका वाड्यात नव्या लॅपटॉपसोबत तो सुरू झाला आणि इंटरफेस दुरुस्तीला पाठवायची तयारीही झाली होती. मी चार्जर काढायला सांगितला, आवाज थांबला. चार्जर लावून लॅपटॉपच्या धातूच्या भागावर हात ठेवला, तो कमी झाला. हा दोष अर्थिंगचा होता. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा धोकादायक उपाय आहे आणि तो कोणीही करू नये. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावरून चालवावेत, स्पीकरना बॅलन्स्ड (बाहेरून येणारा घूं आवाज कमी करणाऱ्या) केबल लावाव्यात आणि वायरमनकडून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. त्या वाड्यातील सॉकेट उघडले, तेव्हा अर्थिंगची हिरवी तार कोठेही न जोडता नुसती भिंतीत खोचून ठेवलेली आढळली.