शेजारी मोठी साखळी आली तर गिऱ्हाईक कसं टिकवायचं

प्रादेशिक सुपरमार्केट साखळीच्या एखाद्या शाखेजवळ मोठ्या साखळीचं दुकान उघडणार असं कळलं, की पहिला निर्णय बहुधा सरसकट सूट देण्याचा होतो. तोच सगळ्यांत महागात पडतो. ढोबळ नफा २० टक्के असताना सगळ्या मालाचे भाव २ टक्के उतरवले, तर पूर्वीइतका नफा मिळवायला सुमारे ११ टक्के जास्त माल खपवावा लागतो. त्याऐवजी विक्रीत दहावा वाटा असलेल्या मोजक्या वस्तूंवर ८ टक्के उतरवले, तर साधारण ४ टक्के वाढीव खपात भरपाई होते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरते तीही हीच सूट, कारण दुकानातल्या हजारो वस्तूंपैकी फार थोड्यांचे भाव त्याला तोंडपाठ असतात.

सुरुवात नकाशापासून करा. पॉइंटांच्या कार्डावरच्या किंवा घरपोच मालाच्या पत्त्यांवरून गिऱ्हाईक कुठल्या वस्तीतून येतं ते पाहा आणि प्रत्येक वस्तीसाठी डेव्हिड हफ यांनी १९६० च्या दशकात मांडलेलं सूत्र वापरा: दुकानाचं क्षेत्रफळ भागिले प्रवासाच्या वेळेचा वर्ग. आपलं दुकान १,००० चौरस मीटर आणि ५ मिनिटांवर, तर उत्तर ४०. समोरचं ३,००० चौरस मीटर आणि १० मिनिटांवर, तर ३०. म्हणजे त्या वस्तीत आपला वाटा ७० पैकी ४०, सुमारे ५७ टक्के. समोरचं दुकान ८ मिनिटांवर असेल, तर आपला वाटा ४६ टक्क्यांवर येतो. अंतर किलोमीटरमध्ये धरू नका. नदी, रेल्वेमार्ग, उजवं-डावं वळण यांनी वेळ बदलतो. वर्गाऐवजी कोणता घात धरायचा, हे जुन्या स्पर्धकाच्या वेळी आपली विक्री किती हलली त्यावरून ताडून घ्यावं. सूत्र लोकांचं प्रेम मोजत नाही. हिशेबाने निघालेल्या वाट्यापेक्षा आपला खरा वाटा जिथे जास्त आहे, तिथे निष्ठा आहे असं समजा; आणि जिथे कमी आहे, तिथे दुकानातच काहीतरी बिनसलंय.

मग भाव लक्षात राहणाऱ्या मालाची यादी करा. १५० ते २०० वस्तू पुरतात: दूध, अंडी, कपड्यांचा साबण, बाळांचे डायपर अशा वारंवार घेतल्या जाणाऱ्या आणि दोन्ही दुकानांत हुबेहूब मिळणाऱ्या. नुसत्या खपावरून यादी काढली तर चुकते. पिशव्या किंवा मीठ भरपूर खपतं, पण त्याचा भाव फारसं कोणी ताडून बघत नाही. काउंटरवर बसणाऱ्यांना विचारा, गिऱ्हाईक कशाच्या भावावरून हुज्जत घालतं ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

या यादीचे समोरच्याकडचे भाव दर आठवड्याला एकाच वारी, फळीवरच्या पट्टीवरून टिपा. किलो, लिटर किंवा नग यांचा दर काढूनच तुलना करा. पाकीट लहान करून भाव तोच ठेवण्याची चाल इथेच उघडी पडते. समोरच्याला फोन करून भाव ठरवायला मात्र जाऊ नका. बहुतेक देशांत तो स्पर्धा कायद्याखाली गुन्हा किंवा दंडनीय प्रकार आहे. फ्रान्ससारख्या ठिकाणी खरेदीपेक्षा कमी भावात विकायलाही बंदी आहे.

तुलनेत एक खोट हमखास राहते. प्रत्येक वस्तूला आपल्याच खपाचं वजन दिलं, की आपण स्वस्त दिसतो. आपल्याकडे जे स्वस्त आहे तेच आपलं गिऱ्हाईक जास्त नेतं ना! म्हणून एक ठरावीक घरगुती यादी घेऊन दुसरा हिशेबही करा. दोन्हींत फरक मोठा आला, तर दुसऱ्यावर विश्वास ठेवा.

पॉइंटांचं कार्ड म्हणजे निष्ठा नव्हे. बहुतेकांच्या पाकिटात तीन-चार दुकानांची कार्डं असतात. कार्डाचा खरा उपयोग मोजमापाला आहे. प्रत्येक घराच्या महिन्यातल्या फेऱ्या आणि प्रत्येक फेरीचं बिल वेगवेगळं पाहा. फेऱ्या तितक्याच राहून बिल लहान होत असेल, तर महिन्याचा मोठा माल दुसरीकडून भरला जातोय आणि आपल्याकडे फक्त अडीअडचणीची खरेदी उरली आहे. एकूण बिलांची संख्या बघणाऱ्याला हे महिनोन्‌महिने कळत नाही.

लोक खरोखर कशाला धरून राहतात, याचं ठळक उदाहरण अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या मार्केट बास्केट या सुपरमार्केट साखळीचं. २०१४ च्या जूनमध्ये संचालक मंडळाने आर्थर टी. डेमुलास यांना प्रमुखपदावरून काढलं. कर्मचारी विरोधात उभे राहिले, गिऱ्हाइकांनी खरेदी थांबवली आणि दुसरीकडून घेतलेल्या मालाची बिलं मार्केट बास्केटच्या काचांवर आणून चिकटवली. ऑगस्टअखेर डेमुलास यांनी भावकीतला हिस्सा विकत घेण्याचा करार केला आणि ते परतले. तिथे भाव कमी होते, शिवाय कर्मचाऱ्यांना नफ्यात वाटा मिळायचा. तेव्हा खर्च कमी करायचाच असेल, तर जुन्या, तोंडओळखीच्या माणसांवर आणि संध्याकाळच्या पाळीवर सगळ्यांत शेवटी हात घाला.

नवं दुकान उघडल्यावर पहिले ८ ते १२ आठवडे तिथल्या उद्‌घाटनाच्या सवलतींशी बरोबरी करू नका. त्या तोट्यातल्या आणि तात्पुरत्या असतात. आपण उतरवलेला भाव मात्र पुन्हा चढवताना बोभाटा होतो. त्या काळात यादीतली एकही वस्तू फळीवरून संपू देऊ नका. दिवसातून दोनदा, एकदा संध्याकाळच्या गर्दीआधी, कोणीतरी हातात यादी घेऊन फिरलं पाहिजे. संगणकात साठा दिसतो आणि फळी रिकामी असते, असं बरेचदा घडतं: माल गोदामातच पडलेला असतो, किंवा चोरी-नासाडीची नोंदच झालेली नसते. बाराव्या आठवड्यानंतर बिल लहान झालेल्या घरांची नावं काढा आणि फक्त त्यांना, मोठ्या बिलावरच लागू होणारी सवलत पाठवा. तीच सवलत सगळ्यांना पाठवली, तर जे जाणारच नव्हते त्यांनाही ती फुकट दिली जाते.