पॅटर्न विकायचाय? न पाहिलेल्या अंगासाठी बेतायला शिका

शिवणकाम येतं, कटिंग येतं, मग स्वतःचे पॅटर्न, म्हणजे कपड्याचे भाग कापायचे कागदी आराखडे, काढून विकता येतील का, असं हल्ली बऱ्याच मुली मला विचारतात. येतील. पण आधी एक फरक नीट समजून घ्या. क्लासमध्ये आपण समोर उभ्या असलेल्या बाईचं माप घेतो आणि तिच्यापुरतंच कापड बेततो. कुठे घट्ट झालं तर ट्रायलला कळतं, आत माया, म्हणजे शिलाईपलीकडचं जादा कापड, ठेवलेली असते, ती उसवून सोडता येते. पॅटर्न विकला की समोर कोणीच नसतं. नांदेडची कोणी ताई मुलं झोपल्यावर आपला कागद जमिनीवर पसरून बसते आणि एका ठिकाणी अडते. तिला विचारायला आपण तिथे नसतो. म्हणून जे काही सांगायचं ते त्या कागदातच असावं लागतं. या कामात नवं डिझाइन सुचण्यापेक्षा ही तयारी मोठी, असं माझं ठाम मत आहे.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतात, पण शाळेच्या गणवेशाचं कामही इथे मोठं आहे. मी त्याच कामात शिकले. गणवेशात कुणा एका मुलाचं माप नसतं. २२, २४, २६ असे साइझ, प्रत्येक साइझचे पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे कापायचे साचे, खिळ्याला टांगलेले. टेबलावर कापडाचे थर लावायचे, वर फर्मा ठेवून खडूने आखायचं आणि मशीनने कापायचं. आमचे मास्तर प्रत्येक फर्म्यावर साइझ, भागाचं नाव, किती नग कापायचे आणि उभा धागा कुठल्या दिशेने, हे लिहून घेतल्याशिवाय तो खिळ्याला लावू देत नसत. ‘पोरी, उद्या मी आलो नाही तरी कटिंग थांबता कामा नये,’ असं म्हणायचे. जून महिन्यात शाळा सुरू होतात, त्याआधीचे काही महिने या कारखान्यांत हाताला उसंत नसते. तुम्हाला जमत असेल तर एक हंगाम तिथे काढा. आयटीआयचा शिवणकामाचा एक वर्षाचा कोर्स चांगलाच आहे, तो जरूर करा, पण फर्म्यांची शिस्त कारखान्यातच अंगवळणी पडते.

त्यातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण म्हणजे ग्रेडिंग, एका साइझवरून पुढचे साइझ काढणं. नव्या मुलींना वाटतं, ३६ चा पॅटर्न झेरॉक्सवर थोडा मोठा केला की ३८ चा झाला. तसं होत नाही. छाती दोन इंचांनी वाढली की पुढच्या अर्ध्या भागात अर्धा इंच वाढतो, मागच्या अर्ध्या भागात अर्धा इंच. पण खांदा त्या हिशोबाने वाढत नाही, तो जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढतो. गळ्याची रुंदीही तशीच, थोडीशीच. कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची हाडं तेवढी रुंद होत नाहीत. सगळंच सारख्या प्रमाणात वाढवलं तर मोठ्या साइझमध्ये गळा खांद्यावरून घसरतो आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, दंडावर उतरतो. प्रत्येक साइझ काढल्यावर मुंढा आणि बाहीचा वरचा गोल टेप उभी धरून मोजा, आणि कागदाच्या कडेवरून नाही, शिलाईच्या रेषेवरून मोजा. साध्या कुर्त्यात बाही मुंढ्यापेक्षा अर्धा-एक इंच जास्त चालते, ती खांद्याजवळ जिरवता येते. त्याहून जास्त आली तर चुण्या पडणार. मापाच्या क्रमाने साइझ काढलेले कागदी पॅटर्न अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये विकायला सुरुवात केली. धंदा तेव्हापासून आहे आणि त्याचा कणा आजही ग्रेडिंगच आहे.

पहिला पॅटर्न कशाचा काढावा? कटोरी ब्लाउजचा नक्की नको. आपल्याकडे खप त्याचाच जास्त हे खरं, पण ब्लाउज अंगाला चिकटून बसतो. दोन बायकांची छाती ३६ असली तरी एकीची पाठ रुंद, दुसरीचे खांदे उतरते, आणि एका सुताचा फरकही आरशात दिसतो. सैल कपड्यापासून सुरुवात करा. बाळाचं झबलं, कुंची, लहान मुलीचा फ्रॉक, ढगळ कुर्ता. मुलांच्या पॅटर्नवर नुसतं वय लिहू नका, उंची आणि छाती लिहा. तीन वर्षांची दोन मुलं शेजारी उभी करून पाहा म्हणजे कळेल.

आपल्या गावाने मला एक सुंदर विषय दिला, तो म्हणजे बाराबंदी. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीला, सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. लहान मुलांनाही हौसेने घालतात. बटण नाही, चेन नाही, पुढचे पदर एकमेकांवर येतात आणि बंदांनी बांधतात, त्यामुळे मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. शिकाऊ हातासाठी याहून चांगला कपडा मला माहीत नाही. पण बंदाची जागा मात्र नेमकी हवी. आतला बंद कुठल्या शिलाईत अडकवायचा, कुठला पदर वर, हे पॅटर्नवर खुणांनी दाखवलं नाही तर शिवणारी बाई बंद हातात घेऊन बसून राहते. मी प्रत्येक बंदाला एक आकडा देते आणि त्याच्या जोडीच्या बंदाला तोच आकडा. असा पॅटर्न नोव्हेंबरमध्येच लोकांपुढे यायला हवा. डिसेंबर संपता संपता आणला तर शिवणार कधी?

आखायला सुरुवात खाकी कागदावर हातानेच करा. हात बसला की कॉम्प्युटरवर जा. सीमलीटूडी हे पॅटर्न आखायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात मापांचा तक्ता बदलला की आराखडा आपोआप बदलतो. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअरही मोफत आहे आणि पानं सजवायला पुरतं. महागड्या सॉफ्टवेअरसाठी पहिल्याच वर्षी कर्ज काढू नका.

आता छपाई. इथे फार जणी हात टेकतात म्हणून सविस्तर सांगते. गिऱ्हाईक पीडीएफ घरी किंवा झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर कागदावर छापतं आणि पानं जोडतं. दुकानदार सवयीने ‘पानात बसवा’ हा पर्याय ठेवतो आणि छपाई ९७ टक्क्यांवर येते. डोळ्याला काही कळत नाही. पण ३६ इंचाचा घेर त्यात ३५ च्याही खाली जातो आणि कुर्ता शिवून झाल्यावर काखेत आवळतो. म्हणून पहिल्याच पानावर एक चौकोन काढा, १० सेंटिमीटरचा, आणि ठळक लिहा: ‘आधी हे एकच पान १०० टक्के आकारात छापा, चौकोन पट्टीने मोजा, बरोबर आला तरच बाकीची पानं छापा.’ शेजारी दोन इंचाचाही चौकोन ठेवा, कारण आपल्या बायकांच्या हातात इंचाची टेप असते. ए-झिरोच्या एकाच मोठ्या कागदाची फाइलही द्या. घरांचे नकाशे छापणाऱ्या दुकानात ती निघते आणि चिकटवाचिकटवी वाचते. शिवाय कापड किती लागेल ते ३६, ४४ आणि ५८ इंच पन्ह्यासाठी, म्हणजे कापडाच्या रुंदीसाठी, वेगवेगळं लिहा. नुसतं ‘अडीच मीटर’ लिहिण्याला काही अर्थ नाही.

पॅटर्न तयार झाला की आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडावर, शिवा. तेही स्वतःच्या किंवा बहिणीच्या मापाचं एकच नाही. सगळ्यात लहान, मधला आणि सगळ्यात मोठा असे तीन तरी साइझ शिवून वेगवेगळ्या अंगावर घालून पाहा. मग दुसऱ्यांकडून शिववून घ्या. यात एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. शेजारच्या काकूंना कागद आणि कापड देते, समोर बसते आणि तोंड उघडत नाही. काकू वाचतात, कापड उलटसुलट करतात, एका ओळीवर बोट ठेवून थांबतात, पुन्हा मागच्या पानावर जातात. जिथे बोट थांबलं ती ओळ मी वहीत लिहून घेते, आणि ती ओळ बदलते किंवा तिथे चित्र घालते. सोलापुरात हे आणखी गरजेचं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, कुठे कन्नड. मराठी समजतं, पण वाचताना अडखळतात. कापडाची उलटी बाजू रेघांनी भरलेली आणि सुलटी कोरी, एवढं जरी चित्रात पाळलं तरी निम्मा मजकूर वाचावा लागत नाही. शब्दही आपल्या हातातले वापरा. मुंढा, तिरा (खांद्याची रुंदी), माया, पट्टी, अस्तर. माया पॅटर्नमध्ये धरली आहे की नाही, आणि धरली असेल तर किती, हे प्रत्येक भागावर लिहा.

सोलापुरी चादरीचं जॅकेट हा विषय बाहेरगावी आणि परदेशातही लोकांना आवडतो. चादर साधारण ६० बाय ९० इंचाची असते, त्यामुळे सगळे भाग त्यात बसवून दाखवणारा आराखडा हवा, आणि पुढच्या दोन्ही भागांवर नक्षी समोरासमोर यायला हवी. कापड जाड आहे, टक्स (फिटिंगसाठी घातलेल्या चिमटा-शिलाया) घालू नका, जोड कमी ठेवा, घेरात नेहमीपेक्षा जास्त सैलपणा द्या आणि कापल्याबरोबर कडांना ओव्हरलॉक करायला सांगा, नाहीतर धागे सुटत राहतात.

किंमत ठरवताना गिऱ्हाईक कोण ते पाहा. परदेशात छोट्या डिझायनरचा कपड्याचा पीडीएफ पॅटर्न साधारण आठ ते पंधरा डॉलरला जातो. आपल्याकडे तो भाव कोणी देणार नाही, पण फुकटही देऊ नका. इंग्रजी सूचना करता आल्या तर एट्सी या परदेशी विक्रीच्या वेबसाइटवर ठेवा, मराठीसाठी इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि यूपीआय पुरेसं आहे. जीएसटीचं काय ते विक्री सुरू करण्याआधी एकदा सीएकडे बसून विचारून घ्या. फाइल एकीकडून दुसरीकडे फुकट फॉरवर्ड होण्याची भीती सगळ्यांनाच असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तुमची चित्रं आणि तुमचा मजकूर नोंदणी न करताही तुमचाच राहतो. कुर्त्याचा साधा आकार मात्र कुणाच्या मालकीचा नाही, त्यावरून कुणाशी भांडू नका. मी प्रत्येक फाइलच्या तळाला घेणारीचं नाव टाकून पाठवते. नाव असलं की माणूस ती फाइल सहज वाटत नाही.

आणि विक्रीनंतरचे मेसेज टाळू नका. ‘ताई, बाही बसत नाहीये’ असा फोटो आला की आधी चौकोन मोजायला सांगा, मग कापडाचा प्रकार विचारा, मग कुठल्या शिलाईपर्यंत काम झालंय ते विचारा. एकच प्रश्न दोन-तीन जणींकडून आला तर पॅटर्न सुधारा, फाइलवर आवृत्तीचा आकडा आणि तारीख बदला आणि जुन्या सगळ्या गिऱ्हाइकांना नवी फाइल न मागता पाठवा. त्यासाठी कोणी कुठली आवृत्ती घेतली याची वही पहिल्या विक्रीपासूनच ठेवायला लागा.